सिमचा मेनू आणि *९९#: दिसायला सारखे, मुक्काम वेगळा

कीपॅडचा फोन असो की अँड्रॉइड, त्यात ‘सिम टूलकिट’ नावाचं किंवा थेट मोबाइल कंपनीच्या नावाचं एक चिन्ह बहुधा असतं. ते उघडलं की साध्या अक्षरांतली यादी येते. *९९# डायल केलं की बँकेच्या कामांची यादी येते, तीही तशीच साधी. दोन्हींना इंटरनेट लागत नाही, दोन्हींत पर्याय निवडत पुढे जायचं. त्यामुळे बहुतेक लोक दोन्हींना ‘कंपनीचा मेनू’ म्हणून मोकळे होतात. पण पहिली यादी तुमच्या सिममध्ये साठवलेली असते आणि दुसरी दूरच्या सर्व्हरवर. पिन कुठे उघडा पडू शकतो, मेनू कोण बदलू शकतं, हे सगळं त्या एका फरकावर ठरतं.

सिम हे पूर्ण अर्थाने स्मार्ट कार्ड आहे. नखाएवढ्या त्या तुकड्यात प्रोसेसर आहे, मेमरी आहे आणि छोटे प्रोग्रॅम चालवायची सोय आहे. अडचण एकच होती: स्मार्ट कार्डाला आपणहून बोलता येत नाही. फोनने विचारायचं, कार्डाने उत्तर द्यायचं, इतकंच. मग कार्ड फोनच्या पडद्यावर स्वतःचा मेनू मांडणार कसं? यावर काढलेली युक्ती मला फार आवडते. फोनचं काम बिनबोभाट झालं की कार्ड एरवी ‘९०००’ असा संकेत परत देतं. कार्डाला स्वतःचं काही सांगायचं असेल, तर ते ९० ऐवजी ९१ देतं आणि पुढच्या दोन अंकांत निरोपाची लांबी सांगतं. फोन ते ओळखतो आणि निरोप मागून घेतो. त्या निरोपात हुकूम असतो: हा मेनू मांड, हा मजकूर दाखव, वापरणाऱ्याकडून आकडा घे, हा एसएमएस पाठव, या नंबरला कॉल लाव. फोन तो हुकूम पाळतो आणि काय झालं ते कार्डाला कळवतो. म्हणजे पडदा आणि बटणं फोनची, पण त्यांवर काय यायचं ते ठरवतं कार्ड. तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घाला, मेनू त्याच्यासोबत जातो. रेंज नसली तरी यादी उघडते. अडतं ते पुढचं, निरोप पाठवायचं काम.

*९९# मागे यूएसएसडी आहे, म्हणजे फोन आणि नेटवर्क यांच्यातली साध्या मजकुराची थेट देवाणघेवाण. त्यात सिममध्ये यादी नाही आणि फोनमध्येही नाही. फोन फक्त कोड नेटवर्ककडे देतो, तिथून आलेला मजकूर दाखवतो आणि तुम्ही दाबलेला आकडा परत पाठवतो. एका वेळी जास्तीत जास्त १८२ अक्षरं, तीही इंग्रजी. देवनागरीत त्याहून बरीच कमी मावतात. उत्तर द्यायला उशीर झाला की सेशन तुटतं आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पैशांच्या बाबतीत हा फरक जाणवतो. केनियात सफारीकॉम या मोबाइल कंपनीने २००७ साली एम-पेसा ही फोनवरून पैसे पाठवायची सेवा सुरू केली ती सिम टूलकिटवर. मेनू सिममध्येच असल्याने तुम्ही टाकलेला पिन कार्ड स्वतः एन्क्रिप्ट करून, म्हणजे गुप्त लिपीत बदलून, एसएमएसने धाडू शकतं आणि वाटेत कुणाला तो वाचता येत नाही. यूएसएसडीला असं स्वतःचं कुलूप नाही. फोनपासून टॉवरपर्यंतचं संरक्षण नेटवर्कचं, त्यापुढे कंपनीच्या यंत्रणेत मजकूर उघडाच पोहोचतो. सुरक्षेच्या दृष्टीने मला सिमचाच मार्ग सरस वाटतो.

तरीही भारतात बँकिंगसाठी *९९# निवडलं गेलं, आणि ते योग्यच होतं. सिमवर मेनू हवा तर प्रत्येक कंपनीने आपापल्या कार्डांवर तो चढवायला हवा, जुनी कार्डं बदलून द्यायला हवीत. *९९# ला यातलं काही नको. नंबर बँकेत नोंदवलेला असला की साधा फोनही चालतो. जनधन योजनेच्या वेळी, २०१४ मध्ये, *९९# सेवेचा देशभर गाजावाजा झाला. मेनू मराठीतही आहे. २०२२ साली ट्राय या दूरसंचार नियामकाने या सेवेवरचं शुल्कही काढून टाकलं. ज्या घरात अजून कीपॅडचाच फोन आहे, तिथे शिल्लक पाहायला बँकेत खेटे घालावे लागत नाहीत, ही मोठी गोष्ट आहे. केनियातही आता सिमच्या मेनूबरोबर *३३४# चालतं.

सिमच्या मेनूची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. कार्डाला पडद्यावर मजकूर दाखवता येतो, म्हणून फोन नुसता टेबलावर पडलेला असताना क्रिकेटची, ज्योतिषाची चौकट उगवते. म्हातारी माणसं ती घालवायला ‘ओके’ दाबतात आणि एखादी सेवा सुरू होऊन बॅलन्स कापला जातो. हे मला सरळ लुबाडणं वाटतं. २०१३ मध्ये ट्रायने अशा सेवांसाठी दोनदा संमती घेण्याचं बंधन घातलं, ते यासाठीच. चौकटी बंद करायच्या तर सेटिंग्जमध्ये शोधून उपयोग नाही. त्या कार्डातून येतात, तेव्हा सिम टूलकिट उघडून तिथलाच फ्लॅश किंवा अलर्टचा पर्याय बंद करायचा. चालू झालेली सेवा थांबवायला १५५२२३ हा नंबर आहे.

कंपनीला हा मेनू दुरून, खास एसएमएसने, बदलताही येतो. तीच वाट भामट्यांनाही सापडू शकते. २०१९ मध्ये उघड झालेल्या ‘सिमजॅकर’ प्रकारात काही देशांतल्या सिमवरच्या एका जुन्या प्रोग्रॅमला तसे एसएमएस पाठवून फोनचं ठिकाण काढलं जात होतं, आणि फोनधारकाला पडद्यावर काहीच दिसत नव्हतं.

स्टार आणि हॅश दिसलं की ते बँकिंगचंच, असंही नाही. फोनचा ओळख-क्रमांक (आयएमईआय) दाखवणाऱ्या *#०६# चं उत्तर फोन स्वतःच देतो, त्यात सिमही नाही आणि नेटवर्कही नाही. आणि कुरिअरवाला किंवा कंपनीचा माणूस असल्याचं सांगून कुणी *४०१* पुढे एखादा नंबर डायल करायला लावला, तर करू नका. त्याने तुमचे कॉल त्या नंबरवर वळू शकतात आणि फोनवर सांगितले जाणारे ओटीपीही तिकडेच जाऊ शकतात. याच फसवणुकीमुळे दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून यूएसएसडीवरून कॉल वळवण्याची सोय बंद करायला सांगितली. आपला फोन आधीच वळवलेला तर नाही ना, ही शंका असेल तर *#२१# डायल करा किंवा फोनच्या कॉल सेटिंग्जमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’ उघडून पाहा.