स्टेशनला जोडलेली व्यापारी संकुलं (नवी मुंबई)

हार्बर आणि ट्रान्सहार्बर लाईनवरच्या नवी मुंबईतल्या बऱ्याच स्टेशनांना लागून, काही ठिकाणी थेट रुळांच्या डोक्यावर, ऑफिसं आणि दुकानांच्या मोठ्या इमारती आहेत, त्यांना लोक स्टेशन कॉम्प्लेक्स म्हणतात. वाशी, सीबीडी बेलापूर आणि सीवूड्स ही त्यातली ठळक. लेटरहेडवर ‘टॉवर नंबर अमुक, पाचवा मजला, बेलापूर रेल्वे स्टेशन कॉम्प्लेक्स’ असा पत्ता वाचला की बाहेरगावच्या माणसाला नवल वाटतं, इथे ते रोजचंच आहे.

ही कल्पना आली कुठून यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बहुतेक लिखाणात श्रेय चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांना जातं, कारण खाडीपलीकडे नवं शहर वसवावं हा त्यांचा प्रस्ताव १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात छापून आला आणि पुढे सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, निघाल्यावर कोरिया तिथे मुख्य वास्तुविशारद झाले. पण त्याच्या आधी १९५८ मध्ये स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी अभ्यासगट बसला होता, त्याचा अहवाल १९५९ च्या सुरुवातीला आला आणि त्यात ठाणे खाडीवर रस्ता आणि रेल्वे असा दोन्हींचा एकत्र पूल बांधा असं स्पष्ट म्हटलं होतं, ही गोष्ट नेहमी मागे पडते. धनंजयराव गाडगीळ समिती १९६५ ची, तिनेही मुख्य भूमीवर विस्तार करायचा कौल दिला. त्यातल्या त्यात पटणारी मांडणी अशी की जागा सरकारी अहवालांनी दाखवली आणि शहराचा आवाका, शिवाय जमिनीच्या वाढत्या भावातूनच शहराचा खर्च काढायचा हा हिशोब त्या तिघांनी दिला. रुळांना चिकटून व्यापारी इमारत हा प्रकार मात्र यातल्या कुठल्याच एका कागदातून सरळ निघालेला दिसत नाही, तो रेल्वेचा खर्च कुणी उचलायचा या पुढच्या काळातल्या प्रश्नातून आकाराला आला असावा.

कारण बर्वेंनी सांगितलेला जोडपूल झालाच नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वाशीचा पूल झाला तो फक्त रस्त्याचा. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली, नोड (शहराचे स्वतंत्र भाग) पडले, सेक्टर पडले, बैठी घरं आणि चाळवजा इमारती उठल्या, पण लोकल नाही म्हणून माणसं यायला कचरत होती. मंत्रालय बेलापूरला येईल या आशेवर सीबीडी, म्हणजे मध्यवर्ती व्यापारी भाग, आखलं, मंत्रालय काही हललं नाही, नरिमन पॉईंट मात्र त्याच वर्षांत फुगत गेलं. शेवटी मानखुर्द ते बेलापूर मार्गाचा ६७ टक्के खर्च सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने करायचा असं ठरलं. ९ मे १९९२ ला वाशीपर्यंत गाडी आली, १९९३ मध्ये बेलापूर, १९९८ मध्ये पनवेल, आणि ठाणे-वाशी प्रवासी वाहतूक नोव्हेंबर २००४ मध्ये. म्हणजे बर्वे अहवाल ते वाशीची पहिली लोकल यात ३३ वर्षं गेली. दोन तृतीयांश पैसा घालायचा तर तो वसूल कुठून करायचा, तर तिकिटावरच्या अधिभारातून आणि स्टेशनालगतच्या जागेतून, आणि या इमारती एवढ्या थोरल्या का आहेत त्याचं खरं कारण इथे आहे, नुसती हौस नव्हे.

स्टेशनं एकाच साच्यातली काढली नाहीत, वेगवेगळ्या आर्किटेक्टांकडे दिली. वाशीचं काम हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांचं, तिथला ऑफिसांचा भाग इंटरनॅशनल इन्फोटेक पार्क म्हणून चालतो. जुन्या मुंबईच्या स्टेशनांशी ठळक फरक म्हणजे पूल चढायचा नाही, सबवेत उतरायचं. रुळांखालून आडवा रुंद रस्ता, त्यातच तिकीट खिडक्या, त्यातूनच वर फलाटाकडे जिने, आणि त्याच ओघात टॉवरची लिफ्ट आणि वॉचमनचं रजिस्टर. ठाण्यात १६ एप्रिल १८५३ ला गाडी आली आणि बाजारपेठ नंतर स्टेशनाभोवती आपली आपण दाटत गेली, गोखले रोड काय किंवा जांभळी नाका काय, कुणी आखलं नव्हतं, आणि म्हणूनच आता तिथे रिक्षा वळवायलाही जागा नाही. नवी मुंबईत दोन्ही बाजूंना आधीच मोकळं आवार सोडलं, बस आणि रिक्षा तिथेच लागतात. हे सुख ठाण्याच्या माणसालाच कळेल.

रुळांवर इमारत बांधायची तर पहिला प्रश्न खांब कुठे उतरवायचा. दोन रुळांच्या मध्ये सहसा जागा नसते, म्हणून तो फलाटावर येतो, आणि फलाटावरही कडेपासून आत हवा नाहीतर सकाळी चढ-उतार अडते. वर ऑफिसला किंवा पार्किंगला खांबांमधलं जे अंतर सोयीचं असतं ते खालच्या रुळांच्या अंतराशी जुळत नाही, मग मध्ये जाडजूड तुळयांचा एक थर घालून वरचं वजन बाजूच्या खांबांवर वळवावं लागतं, त्यात लोखंड आणि काँक्रीट भरमसाठ जातं. वर ओव्हरहेड वायर, तिच्यापासून अंतर राखायचं, म्हणून स्लॅब उंच जातो. हार्बरवर २०१६ च्या एप्रिलपर्यंत १५०० व्होल्ट डीसी होता, आता २५,००० व्होल्ट एसी आहे, आणि एसीला तारेभोवती जास्त मोकळी जागा लागते. शिवाय गाडीची थरथर. हे सगळं करायचं तेही लोकल चालू ठेवून.

सीवूड्सला हे सगळ्यात मोठ्या प्रमाणावर झालं. तिथे एल अँड टीने सिडकोच्या जागेवर स्टेशन, वर मॉल आणि बाजूला ऑफिस टॉवर असं एकत्र उभारलं, मॉल २०१७ च्या सुमारास सुरू झाला, आता नेक्सस नावाने चालतो. गाडीतून उतरून उन्हापावसात न जाता सरकत्या जिन्याने थेट दुकानात जाता येतं.

जमीन विकून शहर उभं करायचं तर ती जमीन कुणाची होती हे या नोंदीत यायलाच पाहिजे. ९५ गावांतल्या आगरी-कोळी आणि इतर शेतकऱ्यांची ती भातशेती आणि मिठागरं. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला गोळीबारात ५ जण हुतात्मा झाले, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा निर्णय झाला. स्टेशन संकुलांच्या वास्तुकलेवरच्या लिखाणात याचा उल्लेख क्वचितच येतो, तो यायला हवा.

बांधलं सिडकोने आणि गाडी रेल्वेची, त्यामुळे देखभाल कुणी करायची हा घोळ बरीच वर्षं चालला आहे. उरण मार्ग खारकोपरपर्यंत नोव्हेंबर २०१८ मध्ये आणि उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, त्याचाही खर्च ६७:३३ असाच वाटलेला.