लवकर शोधणं वेगळं, सुरुवातीला सांभाळणं वेगळं

सायकोसिसच्या (वास्तवाचं भान सुटणाऱ्या मानसिक आजाराच्या) पहिल्या एपिसोडबद्दल बोलताना ‘अर्ली इंटरव्हेन्शन’ (वेळीच हस्तक्षेप) हा शब्द इतका सैल वापरतात की दोन निराळी कामं त्यात मिसळून जातात. एक काम आजारी माणसाला लवकर शोधण्याचं. दुसरं, तो सापडल्यावर पहिली दोन-तीन वर्षं खास टीमने त्याला सांभाळण्याचं. पहिलं जमलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही.

शोधण्याचं काम नॉर्वेच्या रोगालँड भागात नीट पाहायला मिळालं. तिथे 1997 साली ‘टिप्स’ प्रकल्प सुरू झाला. कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येणं, आपल्यावर पाळत आहे अशी पक्की खात्री, बोलण्यातली संगती सुटणं ही लक्षणं जाहिरातींतून लोकांना, आणि प्रशिक्षणातून शिक्षकांना व फॅमिली डॉक्टरांना समजावली गेली. शंका आली तर कुणीही थेट प्रकल्पाच्या शोधपथकाला फोन करायचा. लक्षणं सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंतचा काळ (मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या आत आणि निम्मे ज्याच्या पलीकडे तो आकडा; सरासरी नव्हे) 5 आठवड्यांवर आला. तुलनेसाठी घेतलेल्या भागांत तो 16 आठवडे होता. उपचार मात्र दोन्हीकडे सारखेच! पुढे जाहिराती थांबल्या आणि आकडा 15 आठवड्यांवर गेला. शोधपथक तेव्हाही कामावर होतं. मला या प्रकल्पातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच वाटते.

आता दुसरं काम. डेन्मार्कमधल्या ‘ओपस’ चाचणीत 1998 ते 2000 दरम्यान 547 जणांना घेतलं. निम्म्यांना नेहमीची सेवा, निम्म्यांना दोन वर्षं खास सेवा. खास सेवेत एका कर्मचाऱ्याकडे साधारण दहाच रुग्ण. तो घरी जाणार, कुटुंबाला बरोबर घेणार, भेट चुकली तर पाठपुरावा करणार. औषधं असतातच, पण लोकांत वावरण्याची कौशल्यंही शिकवतात. दोन वर्षांनी या गटाची लक्षणं कमी होती आणि उपचार अर्धवट सोडणारेही कमी होते. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा लक्षणांतला फरक पुसला गेला होता; खास सेवा तोवर कधीच संपली होती. ती दोनच वर्षं का द्यायची, हा वाद इथूनच पेटला.

दोन्ही कामांची गाठ पडते ती अमेरिकेच्या ‘रेज’ अभ्यासात. 34 केंद्रं, 404 रुग्ण. खास सेवेत औषधांसोबत वैयक्तिक थेरपी, कुटुंबाला माहिती, शिक्षण आणि नोकरीसाठी मदत. पण हे रुग्ण उपचारांपर्यंत पोचले तेव्हा आजाराचा मध्यक काळ होता 74 आठवडे, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष. त्याहून लवकर आलेल्यांना खास सेवेचा फायदा बराच जास्त झाला. उशिरा आलेल्यांना टीम तीच मिळाली, गुण कमी आला.

इंग्लंडने एप्रिल 2016 पासून नियम केला: रेफरल (रुग्णाला या सेवेकडे पाठवल्याची नोंद) आल्यावर निम्म्याहून अधिक रुग्णांचे उपचार दोन आठवड्यांत सुरू झाले पाहिजेत. चांगला नियम आहे, त्याने दवाखान्यांवर वचक बसतो. पण घड्याळ चालू होतं ते रेफरलपासून. मुलगा खोलीचं दार लावून बसला, घरच्यांना वाटलं अभ्यासाचा ताण असेल, आणि त्यात गेलेले महिने या मोजणीत येत नाहीत.