जुनी नाणी, टपाल तिकिटं, खेळणी परदेशी पाठवताना: पार्सल कस्टम्समध्ये कुठे अडकतं

परत आलेल्या पार्सलवरचं लेबल नीट वाचलं, तर बहुतेक वेळा कारण तिथंच सापडतं. वस्तूच्या वर्णनाच्या रकान्यात एकच शब्द असतो: 'कलेक्टिबल'. कस्टम्सला या शब्दातून काहीच कळत नाही. नाणंही कलेक्टिबल, खेळण्यातली मोटारही आणि हस्तिदंताची डबीही. अधिकाऱ्याला वस्तू काय आहे, कशाची आहे आणि केव्हाची आहे, एवढं हवं असतं. 'पत्र्याची किल्लीची खेळण्यातली मोटार, वापरलेली, सुमारे १९६०' असं लिहिलं की त्याचं काम झालं आणि तुमचंही.

नेहमी विक्री करत असाल, तर तुमच्या देशात निर्यातदार म्हणून नोंदणी लागते का ते आधी बघून घ्या. घरातली एखादी वस्तू विकणाऱ्याला सहसा पोस्टाचं घोषणापत्र पुरतं. ३०० एसडीआरपर्यंतच्या किमतीला सीएन २२, त्यापुढे सीएन २३. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं एकक आहे आणि त्याचा दर रोज बदलतो, म्हणून किंमत काठावर असेल तर सरळ मोठा फॉर्म भरा. हा मजकूर आता संगणकावरच भरायचा. १ जानेवारी २०२१ पासून वस्तू असलेल्या टपालाची माहिती पार्सलच्या आधी समोरच्या देशाला इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं जावी लागते. हातानं लिहिलेलं लेबल कितीही सुवाच्य असलं तरी ते पाकीट अडकू शकतं.

फॉर्मवर सहा आकडी एचएस कोड, म्हणजे वस्तूचा प्रकार सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, लागतो, आणि सगळ्यात जास्त घोळ इथं होतो (खाली त्याचे पहिले चार आकडे दिले आहेत). '९७०५ म्हणजे संग्राह्य वस्तू' एवढं वाचून लोक प्रत्येक जुन्या खेळण्याला तो कोड लावतात. ९७०५ मध्ये पुरातत्त्व, इतिहास, वंशशास्त्र, प्राणिशास्त्र, नाणेशास्त्र अशा दृष्टीनं महत्त्वाच्या वस्तू येतात. चाळीस वर्षांपूर्वीचा प्लास्टिकचा रोबो संग्राहकाला कितीही प्रिय असला तरी तो खेळणंच, म्हणजे ९५०३. ९७०६ मध्ये, म्हणजे प्राचीन वस्तूंच्या गटात, जायला वस्तूचं वय १०० वर्षांहून जास्त हवं. '१९३० चं आहे, जवळजवळ शंभर झालीच' असं चालत नाही. तिकिटांचंही तसंच. वापरलेली तिकिटं ९७०४ मध्ये येतात, पण ज्या देशात पाठवताय तिथं अजून चालणारी नवी कोरी तिकिटं ४९०७ मध्ये. कोडावर शुल्क ठरतं. ब्रिटनमध्ये ९७०६ मधल्या प्राचीन वस्तूवर आयातीचा व्हॅट ५ टक्के लागतो, एरवी सहसा २० टक्के. म्हणून वयाचा पुरावा पाकिटासोबत द्या: कारखान्याची खूण दिसणारा फोटो, कॅटलॉगमधला क्रमांक, जुन्या लिलावाचं बिल किंवा जाणकाराचं सही केलेलं पत्र. 'आजोबांची होती' हे खरं असलं तरी पुरावा नाही.

मूळ देश म्हणजे वस्तू जिथं बनली तो देश. तुम्ही पाठवता तो नव्हे. वस्तूवर 'पश्चिम जर्मनी' छापलेलं असेल तर फॉर्मच्या यादीत तो देश मिळणार नाही. तिथं 'जर्मनी' निवडा आणि वर्णनात वस्तूवरचा छाप जसाच्या तसा लिहा. सोव्हिएत संघ किंवा युगोस्लाव्हियाच्या वस्तूंना, त्या जिथं बनल्या ती गावं आज ज्या देशात आहेत तो देश लिहावा.

आता किमतीबद्दल, कारण इथं भल्या माणसांचे पाय घसरताना पाहिले आहेत. खरेदीदार गळ घालतो, 'गिफ्ट लिहा, किंमत कमी दाखवा, माझा कर वाचेल.' लिहू नका. विकलेली वस्तू भेट होत नाही, आणि खोट्या घोषणापत्रावर सही तुमची असते, त्याची नव्हे. घोषणापत्रात वीस लिहून विमा पाचशेचा उतरवला, तर पार्सल उघडलं जाण्याची शक्यता वाढते आणि हरवलं तर भरपाईही बुडते. प्रत्यक्ष मिळालेली किंमत लिहा, टपालखर्च वेगळा दाखवा आणि पैसे मिळाल्याची पावती बिलासोबत जोडा. टपालखर्च वेगळा दाखवायचं कारण असं, की युरोपीय संघ शुल्क मोजताना वाहतूक खर्च धरतो, अमेरिका सहसा धरत नाही.

'छोट्या पार्सलला कर नाही' ही जुनी समजूत आता मोडा. युरोपीय संघात २२ युरोपर्यंतची व्हॅटची सूट १ जुलै २०२१ ला संपली. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी थांबवली गेली. त्याआधीची माहिती वाचून खरेदीदाराला 'काही लागणार नाही' असं सांगणारे विक्रेते अजून भेटतात. मग दारात कर मागितला की तो पार्सल नाकारतो. कर कोण भरणार हे पैसे घेण्याआधी लिहून ठरवा. काही देशांत खरेदीदाराचा स्वतःचा क्रमांकही लागतो: ब्राझीलमध्ये सीपीएफ हा करदाता क्रमांक, दक्षिण कोरियात 'पी' ने सुरू होणारा वैयक्तिक कस्टम्स कोड. पाकीट निघाल्यावर तो मागत बसण्यात दिवस जातात.

नाणी आणि नोटा पाठवणाऱ्यांनी हे आधी वाचावं. जागतिक टपाल संघाच्या नियमानुसार नाणी, नोटा, मौल्यवान धातू विमा न उतरवलेल्या टपालातून सहसा पाठवता येत नाहीत, आणि काही देश विमा उतरवलेल्या टपालातही ते घेत नाहीत. रजिस्टर केलं म्हणजे विमा झाला असं नाही. अनेक कुरियर कंपन्याही चलन घेत नाहीत.

आणि आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो. युरोपीय संघाचा सांस्कृतिक वस्तूंचा नियम, २०१९/८८०, आयातीसाठी २८ जून २०२५ पासून पूर्ण लागू झाला. संघाबाहेर बनलेली किंवा सापडलेली आणि २५० वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू असेल, तर किंमत कितीही असो, आयात परवाना लागतो. २०० वर्षांहून जुन्या आणि किमान १८,००० युरो किमतीच्या इतर काही वस्तूंना आयातदाराचं निवेदन लागतं. अर्ज खरेदीदारानं करायचा, पण ती वस्तू मूळ देशातून कायदेशीरपणे बाहेर आली याचा पुरावा तुमच्याकडूनच जाणार. तो देश नक्की सांगता येत नसेल, किंवा वस्तू २४ एप्रिल १९७२ च्या आधी तिथून बाहेर पडली असेल, तर ती पाच वर्षांहून जास्त काळ जिथं राहिली त्या शेवटच्या देशाचा पुरावा चालतो. लोक ही तारीख 'मी कधी विकत घेतली' अशी वाचतात आणि अर्ज फेटाळला जातो. जुन्या मालकाचं बिल, पत्रव्यवहार, तारखेचा फोटो, काहीही असेल ते फेकू नका. काहीच नसेल तर सौदा करण्याआधीच खरेदीदाराला तसं सांगा.

हस्तिदंत, कासवाचं कवच, ब्राझिलियन रोझवूडची गिटार यांना सायटिस, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, लागू होतो. 'करारापूर्वीची' असल्याचं प्रमाणपत्र मिळतं, पण तारीख प्रत्येक प्रजातीची वेगळी: आफ्रिकी हत्तीसाठी २६ फेब्रुवारी १९७६, ब्राझिलियन रोझवूडसाठी ११ जून १९९२. माल त्याआधी निसर्गातून घेतलेला असावा लागतो. निर्यात परवाना सहा महिने चालतो, आणि ते सहा महिने पार्सल टाकण्याच्या दिवसापर्यंत मोजायचे नसतात. समोरच्या कस्टम्सपुढे परवाना त्या मुदतीत सादर व्हावा लागतो. शिवाय मूळ प्रतच लागते. छायाप्रतीवर माल जप्त होतो आणि जप्त झालेली वस्तू सहसा परत मिळत नाही.

पार्सल नाकारलं जाऊन परत आलं, तर तुमचंच कस्टम्स ते नवी आयात समजून शुल्क मागू शकतं. म्हणून पाठवतानाच वस्तूचे फोटो, घोषणापत्राची प्रत आणि टपालाची पावती एकत्र ठेवा; तीच वस्तू परत आली हे दाखवायला तेवढंच तुमच्या हातात असेल.