या वहीला मार्क नाहीत

शाळेच्या वह्यांचा गठ्ठा घरी सोडलात की त्यात एक वही जास्त निघेल. चुकून आलेली नाही, आम्हीच घातली आहे. बिलात तिचे पैसे नाहीत. बत्तीस पानी, बिनरेघी, खाकी पुठ्ठ्याची. दुकानात उरलेल्या कागदाची ती आम्ही स्वतः शिवतो, म्हणून एखाद्या पानाची कड वाकडी असेल. मुलाने तिच्यात मनाला येईल ते लिहावं. गृहपाठ लिहायचा नाही, एवढीच अट.

दर जूनला कुणीतरी विचारतंच, "पोरगो निबंध बरो लिहीत, असा काय पुस्तक असा?" आहे, आम्ही विकतो, खोटं कशाला बोला. पण त्या पुस्तकांतला पाऊस सगळीकडे एकच: काळे ढग, बेडकांचं डरांव, कागदाच्या होड्या. आपल्या वेंगुर्ल्याच्या मुलाला पाऊस याहून कितीतरी जास्त ठाऊक असतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर माडाच्या झापांनी शाकारलेल्या, बाबा दिवसभर घरी आणि पडवीत पसरलेल्या जाळ्याचा वास अंथरुणापर्यंत. हे लिहायला मुलाला शब्द शोधावे लागत नाहीत. मोठ्यांनी फक्त मध्ये येऊ नये.

हे मी माझ्या अनुभवाने सांगतो. माझ्या मुलीने दुसरीत असताना लिहिलं होतं, 'पावस इलो नि आमचो कोंबो छपरार चढलो.' मी लाल पेनाने त्याचं 'पाऊस आला आणि आमचा कोंबडा' करून दिलं. पुढे वर्षभर तिने मला वही दाखवली नाही. शुद्धलेखन शाळेत होतं हो, घरच्या वहीत मालवणी चालू द्या.

सुरुवात कशाने करायची? आमचं मत विचाराल तर गाऱ्हाण्याने, म्हणजे देवासमोर मोठ्याने घालतात त्या मागण्याने. देवळात ऐकून ऐकून त्याची चाल प्रत्येक पोराला पाठ असते, आणि दर ओळीला सगळ्या घराला 'होय म्हाराजा' म्हणायला मिळतं. मुलाने ओळी लिहायच्या:

बा देवा म्हाराजा! — होय म्हाराजा!
शाळेच्या पाणंदीत जो काय चिखल झालो असात, तो भायरच्या भायर काढून टाक रे म्हाराजा! — होय म्हाराजा!
आणि आजयेच्या चष्म्याक जो कोण लपवता, तेका समोर हाड रे म्हाराजा! — होय म्हाराजा!

पहिल्या रात्री हसण्यातच अर्धा तास जातो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खऱ्या तक्रारी यायला लागतात, तेव्हा हसू नका.

ज्याला अजून लिहिता येत नाही त्याने सांगावं, आजोबांनी उतरवून घ्यावं, सांगितलं तसंच. दशावतारातले नट तरी कुठे संवाद लिहून आणतात? आख्यान ठरतं, बोलणं तिथल्या तिथे सुचतं.

गणपतीला चाकरमानी आले की वही बाहेर काढा. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ साली. त्याआधी मुंबई गाठायची म्हणजे रात्रभर एसटी, आणि त्याच्याही आधी आगबोट. वाडीत कुणी आगबोटीने गेलेलं अजून असेल तर मुलाला एकच प्रश्न विचारायला सांगा: बरोबर खायला काय बांधून दिलं होतं? 'तुमच्या काळी कसं होतं' असं विचारलं की म्हातारी माणसं उपदेश करतात. शिदोरीबद्दल विचारलं की गोष्ट सांगतात.

आई-बाबांनीही एखादं पान लिहावं. वेळ नाही म्हणू नका, चिं. त्र्यं. खानोलकर कुडाळात खानावळ चालवत कविता लिहीत होते.

लिहायला पेन्सिल किंवा साधं बॉलपेन द्या. पावसाळ्यात कागद ओल धरतो, त्यावर शाई फुटते आणि जेल पेनाचं अक्षर ओल्या बोटाने पसरतं. वही भिंतीला टेकवून ठेवू नका, बुरशी येते.

भरली की दुसरी घरीच करा. ए-फोर आकाराचे आठ कागद एकत्र दुमडले की बत्तीस पानं होतात. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन त्याच्यावर गाठ मारा. दाभण मोठ्यांनी धरावा. दोरा मेण लावलेला हवा. नसेल तर दुकानात मागा, हातभर फुकट देतो.

छापून यावंसं वाटलं तर बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे. १९७१ पासून निघतं, मुलांचं लिखाणही घेतं. मात्र पाठवायचं की नाही हे मुलाला ठरवू दे.

भरलेली वही दुकानात आणलीत तर पुठ्ठा आणि कापडी पाठ लावून देऊ, पैसे घेणार नाही. आतलं वाचणार नाही. मुलाने स्वतः वाचून दाखवलं, तर गिऱ्हाईक थांबवून ऐकू.