मुरलेली तार

पेसमेकरची डबी काढणं तसं सोपं. गळपट्टीच्या हाडाखाली कातडीला लहानसा छेद द्यायचा आणि डबी बाहेर काढायची. बॅटरी संपली की ती अशीच बदलतात. अवघड असते ती डबीतून निघून शिरेवाटे हृदयात गेलेली तार, म्हणजे लीड. शरीर तिला परकी समजतं आणि तिच्याभोवती तंतूंचं वेष्टण विणत जातं. वर्षं गेली की त्यात चुनाही साठतो. जुन्या भिंतीत मुरलेला वेल उपटताना भिंतीचा गिलावा सोबत येतो, तसा हा प्रकार. इथला गिलावा मात्र ऊर्ध्व महाशिरेचा, म्हणजे शरीराच्या वरच्या भागातलं रक्त हृदयात आणणाऱ्या मोठ्या शिरेचा, पातळ पडदा असतो. तो फाटला तर छातीत रक्त साचायला काही मिनिटं पुरतात.

मग काढायचीच कशाला? सर्वात मोठं कारण जंतुसंसर्ग. तारेवर जंतूंचा चिकट थर बसला की प्रतिजैविकं तिथे हरतात. डबी आणि तारा दोन्ही काढाव्या लागतात. (डबीवरची कातडी लाल होऊन सुजली तर सुई टोचून पू काढून पाहण्याचा मोह टाळायचा असतो, आत नसलेले जंतू त्या सुईनेच आत जाऊ शकतात.) तरीही अमेरिकेत मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या नोंदी तपासल्या तेव्हा संसर्ग झालेल्यांपैकी पाचव्या हिश्शाहूनही कमी जणांची यंत्रणा महिन्याभरात निघालेली होती.

पूर्वी तारेला वजन बांधून ते पलंगाच्या कडेवरून लोंबकळत ठेवत. हाड बसवताना लावतात तसं! आज तारेच्या पोकळ गाभ्यात बारीक सळई सरकवून ती टोकाशी अडकवतात, म्हणजे ओढ थेट टोकावर येते. मग तारेवरून नळी पुढे सारत वेष्टण सोडवायचं. इथपर्यंत जगभर साधारण एकमत आहे. नळी कोणती, यावर मात्र प्रांताप्रांतांचे रिवाज दिसतात.

अमेरिकेत लेसर रुजला. १९९७मध्ये तिथे मान्यता मिळालेल्या या नळीच्या टोकातून ३०८ नॅनोमीटरचे अतिनील किरण निघतात आणि अगदी जवळचीच ऊती विरघळवतात. इटलीतल्या पिसा शहरात मारिया ग्राझिया बोंजोर्नी यांच्या चमूने साध्या प्लॅस्टिकच्या एकाच नळीवर हात बसवला. खांद्याकडून जमलं नाही तर तार आत सोडवून ती मानेतल्या शिरेतून बाहेर घ्यायची, ही त्यांची खास युक्ती. उजव्या मानेतून महाशिरेपर्यंतची वाट जवळपास सरळ असते, त्यामुळे नळी भिंतीवर कमी घासते. पोलंडमधल्या लुब्लिनमध्येही आंद्रझेय कुटार्स्की यांनी लेसरशिवाय, प्लॅस्टिकच्या नळ्या हाताने फिरवत जुन्यातल्या जुन्या तारा काढल्या. लेसरचं यंत्र आणि त्याच्या एकदाच वापरायच्या नळ्या महाग असतात, हे कारण आहेच. पण मला वाटतं, गुरू कोणत्या गावचा यालाही तितकंच वजन आहे. गायकीच्या घराण्यांसारखंच.

युरोपातल्या १९ देशांतल्या ७३ केंद्रांनी मिळून ३,५५५ रुग्णांची नोंद ठेवली. ती २०१७मध्ये प्रसिद्ध झाली. काढण्याच्या क्रियेमुळे गंभीर गुंतागुंत १.७ टक्के रुग्णांत झाली, तर मृत्यू ०.५ टक्के. वर्षाला ३० किंवा अधिक रुग्ण हाताळणाऱ्या केंद्रांत, सर्व कारणं धरून, रुग्णालयात असतानाचे मृत्यू १.२ टक्के होते. त्याहून कमी काम असलेल्या केंद्रांत २.५ टक्के. छोट्या केंद्रांकडे जास्त आजारी रुग्ण जात असतील, असं म्हणता येईल. पण दुप्पट फरक नजरेआड करणं कठीण. आणि ३० म्हणजे तरी किती? महिन्याला अडीच. मोठं केंद्र ठरायला एवढं पुरतं, इतकं हे काम विरळा आहे.

म्हणून आपल्या माणसाची तार काढायची वेळ आली, तर ‘तुमच्याकडे लेसर आहे का’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, गेल्या वर्षी अशा किती तारा काढल्या. आणि त्याला जोडूनच, महाशीर फाटलीच तर छाती उघडणारे सर्जन त्या वेळी त्याच इमारतीत असतील ना?