जॉन पेनिक्विक

पेनिक्विक, जॉन (१५ जानेवारी १८४१ – ९ मार्च १९११) : ब्रिटिश हिंदुस्थानातील लष्करी अधिकारी आणि स्थापत्य अभियंता. पेरियार नदीवरील मुल्लपेरियार धरणाचा शिल्पकार. जन्म पुण्याचा, पण त्याचे नाव घराघरांत पोहोचले ते तमिळनाडूच्या तेनी-मदुराई भागात. महाराष्ट्रात ते फारसे कोणाला ठाऊक नाही.

वडीलही जॉनच, आणि तेही लष्करात. १३ जानेवारी १८४९ रोजी दुसऱ्या इंग्रज-शीख युद्धातील चिलियाँवालाच्या लढाईत ब्रिगेडियर असलेले वडील आणि थोरला भाऊ अलेक्झांडर एकाच दिवशी मारले गेले. धाकट्या जॉनचा आठवा वाढदिवस तेव्हा दोन दिवसांवर होता. पुढे चेल्टनहॅम आणि ॲडिस्कम येथे शिकून १८५८ मध्ये तो मद्रास इंजिनिअर्समध्ये दाखल झाला आणि १८६० मध्ये हिंदुस्थानात आला. १८६७-६८ ची ॲबिसिनियाची (आताच्या इथिओपियाची) मोहीम सोडली तर त्याची नोकरी मुख्यतः मद्रास इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली.

पेरियार नदी पश्चिम घाटात उगवून पश्चिमेला अरबी समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यात पाऊस धो धो, तर घाटाच्या पूर्वेला वैगई नदीच्या खोऱ्यात दुष्काळ ठरलेला. हे पाणी पूर्वेला वळवण्याचा विचार १७८९ मध्ये रामनादच्या संस्थानातच झाला होता. १८०८ मध्ये कॅप्टन कॉल्डवेल याने पाहणी करून तो अव्यवहार्य ठरवला. त्यानंतरही आराखडे होत राहिले आणि बासनात जात राहिले. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाने सरकारला पुन्हा तिकडे पाहायला लावले. १८८२ मध्ये आराखडा नव्याने करण्याचे काम पेनिक्विककडे आले.

योजनेची गंमत अशी की, या धरणातून पाणी खाली सोडायचेच नाही. नदी अडवून जलाशय इतका चढवायचा की पाणी मागच्या बाजूने जलविभाजकापर्यंत, म्हणजे दोन खोरी वेगळी करणाऱ्या डोंगरापर्यंत पोहोचेल. तिथे डोंगर पोखरून सुमारे १.७ किलोमीटरच्या बोगद्यातून ते पलीकडे उतरवायचे आणि पुढे वैगईत न्यायचे. आपल्याकडे कोयनेचे पूर्ववाहिनी पाणी बोगद्याने पश्चिमेला, वासिष्ठीच्या खोऱ्यात उतरवले; इथे दिशा नेमकी उलटी, आणि तीही कोयनेच्या सहा-सात दशके आधी.

धरणाची जागा त्रावणकोर संस्थानाच्या हद्दीत होती. म्हणून २९ ऑक्टोबर १८८६ रोजी करार झाला : ८,००० एकर जमीन ९९९ वर्षांच्या पट्ट्याने, एकरी वर्षाला ५ रुपये भाड्याने. १८८७ मध्ये काम सुरू झाले. भोवती हत्तींचे जंगल, जवळपास वस्ती नाही. चुना आणि इतर सामान घाटाखालच्या मैदानातून वर चढवावे लागे. त्यासाठी रज्जुमार्ग उभारला आणि पुढचा पल्ला नदीतून नावांनी गाठला. बांधकाम अनघड दगडाचे, चुना-सुरखीत (सुरखी म्हणजे विटांची भुकटी) केलेले. पाया भरेपर्यंत नदी बाजूला काढायची तात्पुरते बांध घालून, आणि पूर आला की ते वाहून जायचे. हिवतापाने मजूर पटापट आजारी पडत. अधिकृत नोंदीप्रमाणे रोगराईने ४८३ जण दगावले. सोहळ्यांत पेनिक्विकच्या तसबिरीला हार पडतात, या माणसांची आठवण मात्र क्वचितच निघते.

ऑक्टोबर १८९५ मध्ये मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड वेनलॉक याच्या हस्ते उद्घाटन झाले. सरकारने पैसे थांबवले तेव्हा पेनिक्विकने विलायतेतली बायकोची मालमत्ता विकून धरण पुरे केले, ही कथा तेनीकडे लहान मूलही सांगेल. सरकारी कागदपत्रांत तिला आधार नाही. खर्च मद्रास सरकारनेच केला होता. तरीही कथा टिकली आहे, कारण पाणी खरोखरच आले.

१८९५ मध्येच त्याला सी.एस.आय. (कंपॅनियन ऑफ द ऑर्डर ऑफ द स्टार ऑफ इंडिया) हा किताब मिळाला. पुढे तो इंग्लंडमध्ये कूपर्स हिल येथील रॉयल इंडियन इंजिनिअरिंग कॉलेजचा प्रमुख झाला. ब्रिस्बेन नदीच्या पुरांबाबत सल्ला देण्यासाठी तो ऑस्ट्रेलियालाही जाऊन आला. कँबर्ली येथे त्याचे निधन झाले.

संस्थाने गेली, भाषावार राज्ये झाली. धरण केरळात आणि त्याचा कारभार व पाणी तमिळनाडूकडे, अशी स्थिती आली. १९७० मध्ये भाडे एकरी ३० रुपये झाले. जुन्या चुन्याच्या धरणाची केरळला धास्ती वाटू लागली, म्हणून १९७९ मध्ये पाणी १३६ फुटांपर्यंत उतरवले आणि पुढे वाद न्यायालयात गेला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १४२ फुटांपर्यंत साठ्याला परवानगी दिली.

घाटाच्या पायथ्याशी लोअर कँप येथे तमिळनाडू सरकारने २०१३ मध्ये पेनिक्विकचे स्मारक उभारले. १५ जानेवारीला, म्हणजे ऐन पोंगलच्या दिवसांत, तिथे शेतकरी जमतात आणि त्याच्या पुतळ्यासमोर चुलीवर पोंगल रांधतात. कुंबम खोऱ्यात मुलांना ‘पेनिक्विक’ हे नाव ठेवणारी घरेही आहेत.