पेर्गाउ धरणानंतर : ब्रिटनची परदेशी मदत, मंत्री आणि संसद

फेब्रुवारी 1991 मध्ये ब्रिटनच्या परदेशी मदत खात्याचे सर्वोच्च अधिकारी टिम लँकेस्टर यांनी आपल्या मंत्र्यांना लेखी कळवले, की मलेशियातल्या पेर्गाउ जलविद्युत प्रकल्पाला पैसा देणे हा खर्चाच्या दृष्टीने वाईट व्यवहार आहे, आणि तरीही तो द्यायचा असेल तर तसा लेखी आदेश द्यावा. जुलैमध्ये परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांनी तो आदेश दिला. परदेशी मदतीवर ब्रिटिश संसदेची जी काही पकड आज आहे, तिची मुळे बऱ्याच अंशी या दोन कागदांत सापडतात.

हे कागद इतके महत्त्वाचे का, हे समजण्यासाठी ब्रिटिश पद्धतीतली एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. संसदीय समितीपुढे आलेला अधिकारी स्वतःच्या वतीने बोलत नाही, मंत्र्याच्या वतीने बोलतो. मंत्र्याला कोणता सल्ला दिला हे तो सांगत नाही. याला अपवाद एकच, खात्याच्या पैशाचा वैयक्तिक हिशेब देणारा ‘अकाउंटिंग ऑफिसर’. सहसा खात्याचा सर्वोच्च सनदी अधिकारीच या पदावर असतो. खर्च नियमात बसतो का, औचित्याला धरून आहे का, पैशाचा मोबदला मिळतो का आणि काम प्रत्यक्षात होण्याजोगे आहे का, हे चार प्रश्न त्याने विचारायचे असतात. उत्तर ‘नाही’ आले तर तो मंत्र्याकडे लेखी आदेश मागतो. आदेश मिळाला की खर्च करणे त्याला भाग असते, पण जबाबदारी मंत्र्याची होते.

पेर्गाउची कहाणी सुरू झाली ती शस्त्रखरेदीतून. मार्च 1988 मध्ये संरक्षणमंत्री जॉर्ज यंगर यांनी मलेशियाशी केलेल्या करारनाम्यात शस्त्रव्यवहाराच्या 20 टक्के इतक्या मदतीचा उल्लेख होता. मदत आणि शस्त्रे अशी जोडणे सरकारच्याच धोरणात बसत नव्हते, म्हणून जूनमध्ये दोन्ही विषय वेगवेगळ्या पत्रांत मांडण्यात आले. मार्च 1989 मध्ये पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी मलेशियाचे पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांना धरणासाठी 6.825 कोटी पौंडांचा तोंडी शब्द दिला. त्यानंतर काही दिवसांतच कंत्राटदारांनी प्रकल्पाची किंमत 31.6 कोटी पौंडांवरून वाढवून 40 कोटींच्या घरात नेली. खात्याच्या अर्थतज्ज्ञांचे म्हणणे साधे होते: गॅसवर चालणारी वीज स्वस्त पडेल, आणि धरण आताच बांधले तर मलेशियाच्या वीजग्राहकांवरच जादा बोजा येईल. तरीही एकूण 23.4 कोटी पौंडांची मदत मंजूर झाली. पंतप्रधानांचा शब्द मागे घेता येत नाही, हे त्यामागचे खरे कारण.

ऑक्टोबर 1993 मध्ये सरकारी खर्चाचे लेखापरीक्षण करणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसचा अहवाल आला आणि प्रकरण उघड्यावर आले. 1994 मध्ये लोकलेखा समिती आणि परराष्ट्र व्यवहार समिती या दोघींनीही चौकशी केली. लँकेस्टर यांची साक्ष झाली. वर्ल्ड डेव्हलपमेंट मूव्हमेंट ही संस्था हायकोर्टात गेली, तेव्हा या चौकश्यांमुळे बाहेर आलेली माहिती तिच्या हाताशी होती. 10 नोव्हेंबर 1994 रोजी कोर्टाने ही मदत बेकायदा ठरवली. 1980 चा कायदा परदेशाच्या ‘विकासाला चालना’ देण्यासाठी पैसा खर्च करू देतो, आणि आर्थिकदृष्ट्या पायाच नसलेल्या प्रकल्पाला विकास म्हणता येणार नाही, असा तो निकाल होता. सरकारने तपासले तेव्हा आणखी तीन प्रकल्प याच दोषाचे निघाले. त्यांत तुर्कस्तानातली अंकारा मेट्रोही होती. धरण मात्र पूर्ण झाले. उरलेला पैसा मदतीच्या निधीऐवजी सरकारच्या राखीव निधीतून दिला गेला.

यातून एक फट दिसली. खर्च अनियमित असल्याचा आक्षेप असेल तर मंत्र्याचा आदेश लेखापरीक्षकांकडे जात असे, पण ‘पैसा वाया जातो आहे’ एवढाच आक्षेप असेल तर तो लगेच कळवण्याचे बंधन नव्हते. त्यामुळे 1991 चा आदेश संसदेला कळायला दोन वर्षे गेली. पेर्गाउनंतर हे बंधन आले. आता असे आदेश लेखापरीक्षकांकडे आणि लोकलेखा समितीकडे जातात, आणि साधारणपणे प्रसिद्धही होतात. माझ्या मते सगळ्या सुधारणांत हीच सर्वांत उपयोगी ठरली.

खात्याची घडी मात्र सरकारागणिक बदलत राहिली. 1964 मध्ये हॅरॉल्ड विल्सन यांनी स्वतंत्र मंत्रालय काढले आणि बार्बरा कॅसल पहिल्या मंत्री झाल्या. 1970 मध्ये ते परराष्ट्र खात्याखाली गेले, मग पुन्हा वेगळे झाले, आणि 1979 मध्ये पुन्हा आत गेले. 1997 मध्ये क्लेअर शॉर्ट यांच्याकडे स्वतंत्र खाते आले. ज्या योजनेतून पेर्गाउला पैसा गेला ती मदत-व्यापार तरतूद त्यांनी बंद केली. त्याच वर्षी या खात्यावर लक्ष ठेवणारी आंतरराष्ट्रीय विकास समितीही नेमली गेली. 2002 च्या कायद्याने दारिद्र्य कमी करणे ही मदतीची कसोटी ठरवली. 2011 मध्ये मदतीच्या परिणामांची तपासणी करून संसदेला अहवाल देण्यासाठी आयकाय हा स्वतंत्र आयोग नेमला गेला. सप्टेंबर 2020 मध्ये खाते पुन्हा परराष्ट्र खात्यात विलीन झाले, तरी समिती टिकली. आता ती कोणत्याही खात्यातून जाणारी मदत तपासू शकते.

समितीत 11 खासदार असतात, आणि 2010 पासून अध्यक्षाची निवड सभागृह गुप्त मतदानाने करते. त्यामुळे पक्षाच्या प्रतोदांच्या हातातली एक मोठी दोरी सुटली. समितीच्या अहवालाला सरकारने साधारण दोन महिन्यांत उत्तर द्यायचे असते. मंत्र्याला मात्र ती हुकूम देऊन बोलावू शकत नाही; मंत्री येतात ते संकेत पाळून.

या संकेताचा कस 2012 मध्ये लागला. काँगोतल्या बंडखोरांना रवांडा मदत करतो या आरोपांमुळे जुलैमध्ये 1.6 कोटी पौंड रोखले होते. 4 सप्टेंबरला, खात्यातल्या आपल्या शेवटच्या दिवशी, मदतखात्याचे मंत्री अँड्र्यू मिचेल यांनी ते सोडले. निम्मे थेट रवांडा सरकारच्या तिजोरीत, निम्मे ठरावीक कार्यक्रमांसाठी. पद गेल्यावरही समितीने त्यांना साक्षीला बोलावले आणि ते आले. नोव्हेंबरअखेर नव्या मंत्री जस्टिन ग्रीनिंग यांनी पुढचा 2.1 कोटी पौंडांचा हप्ता थांबवला.

मंत्र्यांच्या वर्तनाचा प्रश्न याहून कठीण आहे. त्यांच्यासाठीचे नियम 1992 पर्यंत गोपनीय होते. इराकला शस्त्रे विकण्याच्या प्रकरणावर 1996 मध्ये स्कॉट अहवाल आला. मार्च 1997 मध्ये संसदेने ठराव केला, की मंत्र्याने सभागृहाला खरी माहिती द्यावी, चूक झाल्यास लगेच दुरुस्त करावी, आणि जाणूनबुजून दिशाभूल केली असेल तर पंतप्रधानांकडे राजीनामा द्यावा. पण आचारसंहिता मोडली का आणि मोडली तर काय करायचे, हे ठरवणार पंतप्रधानच.

मदतखात्याच्या मंत्री प्रीती पटेल यांचे प्रकरण याच चौकटीत घडले. ऑगस्ट 2017 मध्ये इस्रायलला सुटीवर असताना त्यांनी परराष्ट्र खात्याला आधी न सांगता 12 बैठका घेतल्या. परतल्यावर, गोलान टेकड्यांवर सीरियन जखमींवर उपचार करणाऱ्या इस्रायली लष्कराला मदत देता येईल का, याची विचारणा खात्यात झाली. गोलानवरचा इस्रायलचा दावा ब्रिटनला मान्य नाही, म्हणून अधिकाऱ्यांनी ते योग्य नसल्याचे सांगितले. 7 नोव्हेंबरला संसदेत तातडीचा प्रश्न आला, तेव्हा त्या आफ्रिकेच्या वाटेवर होत्या आणि उत्तर राज्यमंत्र्यांनी दिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. इथे खात्याच्या अधिकाऱ्यांचा नकार पैसा थांबवायला पुरला, पण बैठका उघड व्हायला पत्रकार लागले. 2020 मध्ये त्या गृहमंत्री असताना आचारसंहितेचा भंग झाल्याचा निष्कर्ष पंतप्रधानांच्या स्वतंत्र सल्लागाराने काढला. मंत्री पदावर राहिल्या आणि सल्लागारांनी राजीनामा दिला. पंतप्रधानांच्या संमतीवाचून चौकशी सुरू करण्याची मुभा सल्लागाराला मिळाली ती नोव्हेंबर 2024 मध्ये.

रकमेवरचा वादही याच धाग्याचा आहे. 2015 च्या कायद्याने सकल राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के मदत हे मंत्र्यांचे कर्तव्य ठरवले. उद्दिष्ट हुकले तर संसदेपुढे कारणांचे निवेदन ठेवायचे, आणि उत्तरदायित्व संसदेलाच, कोर्टाला नाही, हेही त्यातच लिहिले आहे. शिवाय मोजणी कॅलेंडर वर्षाची आणि अंदाजपत्रक एप्रिल ते मार्चचे, त्यामुळे डिसेंबरात आकडा गाठण्याची घाई होते. 2021 पासून प्रमाण 0.5 वर आले. जूनमध्ये ही कपात उलटवू पाहणारी मिचेल यांचीच दुरुस्ती सभागृहाच्या अध्यक्षांनी नियमात बसत नाही म्हणून नाकारली, पण सभागृहाला मत देण्याची संधी मिळालीच पाहिजे असे बजावले. 13 जुलैला कपात 333 विरुद्ध 298 मतांनी टिकली. माजी पंतप्रधान थेरेसा मे यांनी स्वपक्षाविरुद्ध मत दिले.

त्यानंतर पैशाची वाटच बदलली. 2023 मध्ये मदतीतले सुमारे 430 कोटी पौंड, म्हणजे एकूण मदतीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त, ब्रिटनमध्येच निर्वासितांवर खर्च झाले, आणि त्यातला मोठा वाटा गृहखात्याचा होता. हा पैसा आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मदतीत धरता येतो. फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधान किअर स्टार्मर यांनी संरक्षणखर्च वाढवण्यासाठी 2027 पर्यंत मदत 0.3 टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले, आणि विकासमंत्री अ‍ॅनेलीस डॉड्स यांनी राजीनामा दिला. 0.7 टक्क्यांचा कायदा मात्र रद्द झालेला नाही. उद्दिष्ट हुकल्यावर निवेदन सभागृहाच्या पटलावर ठेवावे लागते. त्यावर मतदान घ्यावे, असे त्या कायद्यात कुठेही लिहिलेले नाही.